कुत्र्यांची भीती वाटते, तरी मदत करता येईल का?

वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात या सदरातून आम्ही वाचकांना विचारले होते, की प्राण्यांसाठी काम करणाऱ्या एखाद्या संस्थेच्या निधिसंकलनाच्या तयारीत आपण हातभार लावला असेल किंवा लावू इच्छित असाल, तर कोणत्या शंका मनात येतात. आलेली पत्रे बहुतांशी ठाणे आणि नवी मुंबईतली आहेत. त्यांतली बरीचशी दिवाळीच्या तोंडावर होणाऱ्या विक्रीविषयी आहेत, हेही स्वाभाविकच आहे. कारण कोणाच्या दारात उभे राहून देणगी मागण्यापेक्षा पणती विकणे आपल्या माणसाला सोपे जाते. मी स्वतः गेली बारा वर्षे ठाण्यातल्या अशाच एका छोट्या संस्थेच्या विक्रीचे सामान आणि हिशेब सांभाळते, त्यामुळे पुढील उत्तरांत पुस्तकी भाग थोडा आणि चुकून शिकलेला भाग अधिक आहे. जागेअभावी पत्रे संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : मी नौपाड्यात राहते. वय ६१, बँकेतून रोखपाल म्हणून निवृत्त झाले आहे. जवळच्या एका प्राणिसंस्थेने दिवाळीआधी दोन दिवसांची विक्री ठेवली असून ‘तयारीसाठी स्वयंसेवक हवेत’ अशी सूचना आमच्या सोसायटीच्या फलकावर लागली आहे. मला मदत करण्याची मनापासून इच्छा आहे, परंतु लहानपणी कुत्रा चावला तेव्हापासून मला कुत्र्यांची भीती वाटते. अशा संस्थेत जाऊन हे सांगणे म्हणजे सोवळ्याच्या स्वयंपाकघरात कांदा मागण्यासारखे वाटते. जावे का?

उत्तर : अवश्य जावे, आणि पहिल्याच दिवशी, दारातच, ही भीती सांगून टाकावी. निधिसंकलनाच्या तयारीत प्राण्यांशी संबंध फारसा येत नाही. दिवस जातो तो खोकी, सुतळी, चिकटपट्टी, याद्या आणि सुट्ट्या पैशांत. ज्या खोलीत पणत्या रंगवायच्या असतात तिथे कुत्रे कोणी आणतही नाही, कारण ओला रंग आणि हलती शेपटी यांचे जमत नाही. कुत्र्यांचे लाड करायला माणसे कमी पडली असे मी एकाही संस्थेत पाहिलेले नाही. पावतीपुस्तकांचे क्रमांक जुळवून ठेवणारा माणूस मात्र दिवा घेऊन शोधावा लागतो. तुमच्यासारखी निवृत्त रोखपाल आपल्या पायांनी चालत येते आहे म्हटल्यावर संस्थेची मंडळी तुम्हाला कुत्र्यांजवळ जाऊच देणार नाहीत, इतकी जपून ठेवतील.

तरीही गल्ल्यावर बसण्याआधी एक-दोन आठवडे सामानाच्या तयारीत घालवा असे मी सुचवीन, कारण ज्याला मालाची माहिती आहे त्यालाच पैशांचा मेळ लागतो. पणत्यांचेच उदाहरण घ्या. धारावीच्या कुंभारवाड्यातून पणत्या शेकड्याने आणायच्या असतील तर नवरात्राच्या आधी जावे. दिवाळी जवळ येते तसा भाव चढतो आणि निवड उतरते. आणलेली पणती लगेच रंगवू नये. ती काही तास पाण्यात बुडवून ठेवावी लागते. पाण्यात टाकताच तिच्यातून बारीक बुडबुडे निघतात, मातीने पाणी पिण्याचा हलका आवाज येतो, आणि ज्या पणतीला डोळ्यांना न दिसणारी चीर आहे ती तिथेच ओळखू येते. नंतर सावलीत पूर्ण वाळवून मग रंग द्यायचा, तोही बाहेरून. आत तेल आणि वात असते, तिथे रंगाचे काम नाही आणि ज्योतीजवळच्या चोचीवर तर मुळीच नाही. खडे आणि आरसे चिकटवण्याचा मोह स्वयंसेवकांना फार होतो. चोचीपासून ते दूर ठेवायला सांगावे.

रंगवलेली पणती किती वाळली आहे याबाबत बोटावर विश्वास ठेवू नये, हे मी स्वतः महागात शिकले. एका वर्षी आम्ही रविवारी दिवसभर बसून ३०० पणत्या रंगवल्या, संध्याकाळी हात लावून पाहिले तर कोरड्या वाटल्या, म्हणून त्याच रात्री वर्तमानपत्रात गुंडाळून खोक्यांत भरल्या. हवा दमट होती. विक्रीच्या आदल्या दिवशी खोकी उघडली तेव्हा जवळजवळ निम्म्या पणत्यांना कागद चिकटलेला होता आणि सोडवताना रंगासकट निघत होता. एका केशरी पणतीवर ‘हवामान’ हा शब्द उलटा, पण अगदी स्वच्छ उमटला होता. भरण्याचा निर्णय माझा होता आणि घाईही माझीच होती. तेव्हापासून आम्ही रंगवलेला माल दोन पूर्ण दिवस उघडा ठेवतो आणि वर्तमानपत्राऐवजी कोऱ्या कागदात गुंडाळतो.

आता तुमच्या खऱ्या कामाकडे वळू. विक्रीच्या दिवशी सर्वांत आधी संपतात ते सुटे पैसे. दहा आणि वीसच्या नोटांचे निदान दोन हजार रुपये सकाळी गल्ल्यात असावेत आणि ते कोणाकडून आले याची चिठ्ठी गल्ल्यातच असावी, नाहीतर रात्री ती रक्कम विक्रीत मिसळून जाते. किमती शक्यतो ५० किंवा १०० अशा ठेवायला सांगा. ४५ रुपयांची पणत्यांची जोडी कागदावर आकर्षक दिसते आणि दुपारी चार वाजता गल्ल्यावरच्या माणसाला रडवते. गल्ल्यातून चहा, रिक्षा, टेम्पो यांपैकी कशाचेही पैसे द्यायचे नाहीत. त्यासाठी वेगळी उचल घ्यावी आणि तिची बिले वेगळ्या पाकिटात ठेवावीत. रात्रीची मोजदाद दोघांनी करावी आणि दोघांनी सही करावी. बँकेत तुम्ही हेच करत आलात, फक्त इथे हे कोणी सांगितलेले नसते म्हणून तुम्ही सांगावे लागेल. मालाची मोजदादही त्याच कागदावर हवी. ४०० पणत्या गेल्या, ९० परत आल्या, १२ फुटल्या, म्हणजे २९८ विकल्या गेल्या. त्यांचे पैसे रोख आणि यूपीआय मिळून जमले पाहिजेत. कोणी ‘ही मी घरी नेते, पैसे नंतर देते’ म्हणून चार पणत्या नेल्या असतील तर त्याही लिहाव्यात. माणसे चांगली असतात, पण दिवाळीत विसरतात.

क्यूआर कोड संस्थेच्याच खात्याचा असावा आणि स्कॅन केल्यावर संस्थेचेच नाव दिसले पाहिजे. रोज सकाळी एक रुपया पाठवून खात्री करावी, कारण गर्दीत मूळ कोडवर दुसरा कोड चिकटवून जाण्याचे प्रकार बाजारांत घडतात. ग्राहकाने दाखवलेल्या स्क्रीनवर समाधान मानू नये. पैसे आल्याचे संस्थेच्या फोनवर दिसले की मगच पिशवी हातात द्यावी.

आणि कुत्र्यांविषयी एवढेच, की एखादा वेळ काढून लोखंडी जाळीच्या अलीकडून त्यांना पाहून या, वाटले तर. नाही वाटले तर राहू द्या.

प्रश्न : आम्ही घोडबंदर रोडवरील एका संकुलात राहतो. प्राणिसंस्थेच्या मदतीसाठी आम्ही दोघांनी आठ दिवस फिरून जुने कपडे, उशा, गोधड्या, खेळणी, भांडी अशी अकरा खोकी जमवली. संस्थेने त्यांतली नऊ परत नेण्यास सांगितले. आम्हाला आणि देणाऱ्या शेजाऱ्यांना फार वाईट वाटले. हे योग्य आहे का?

उत्तर : वाईट वाटणे साहजिक आहे, तरी संस्थेची बाजूही ऐकावी. दसऱ्याची साफसफाई आणि दानधर्म एकाच दिवशी उरकण्याची आपल्याकडे जुनी सवय आहे, आणि माळ्यावरून जे खाली येते ते सर्व संस्थेच्या उपयोगाचे असतेच असे नाही. निवाऱ्यात जुनी वर्तमानपत्रे, सुती चादरी, टॉवेल आणि गोणपाट कितीही आले तरी कमीच पडतात, कारण ते पिंजऱ्यात अंथरले जातात, घाण झाले की टाकता किंवा धुता येतात आणि पावसाळ्यातही लवकर वाळतात. उशी आणि गोधडी मात्र कुत्रा तासाभरात फाडतो, आतला कापूस गिळतो आणि तो आतड्यात अडकला तर शस्त्रक्रियेची वेळ येते. शिवाय भिजलेली गोधडी ठाण्याच्या जुलै महिन्यात वाळवायची कुठे, हा प्रश्न उरतोच. दिवाळीच्या विक्रीत जुने कपडे ठेवले तर नव्या मालाची किंमतही उतरते. नऊ खोकी ठेवून घेतली असती तर ती कोठीत पडून राहिली असती आणि शेवटी कोणीतरी टेम्पोचे भाडे भरून ती बाहेर काढली असती. ते भाडे जनावरांच्या औषधांतूनच गेले असते.

हे सर्व संस्थेने आधी सांगायला हवे होते, यात शंका नाही. पण तुम्हीही आधी विचारायला हवे होते, आणि दोघांपैकी विचारणे अधिक सोपे होते. पुढच्या वेळी फोन करून ‘या महिन्यात नेमके काय कमी आहे’ एवढेच विचारा आणि ती यादी जशीच्या तशी इमारतीच्या ग्रुपवर टाका. उरलेली भांडी आणि कपडे माणसांसाठी काम करणाऱ्या एखाद्या संस्थेला चालतील, त्यांनाही आधी विचारून. खाण्याच्या वस्तूंविषयी मात्र एक सूचना: उरलेला फराळ प्राण्यांसाठी म्हणून नेऊ नये. कांदा, लसूण, मनुका आणि चॉकलेट हे पदार्थ कुत्र्यांना विषारी ठरतात, आणि आपल्या फराळाच्या डब्यात यांपैकी काहीतरी असतेच.

प्रश्न : मी नेरूळला महाविद्यालयात शिकतो. आमच्या गटाने एका निवाऱ्यासाठी एक दिवसाचा कार्यक्रम ठरवला आहे. लोक यावेत म्हणून निवाऱ्यातली आठ-दहा कुत्री मंडपात आणावीत, शंभर रुपयांची कूपने विकून लकी ड्रॉ काढावा आणि स्थानकापासून सीवूड्सपर्यंत पोस्टर लावावीत, असा विचार आहे. काही सुचवाल का?

उत्तर : उत्साह मोठा आहे आणि तो मोडण्याचा माझा हेतू नाही, मात्र तुम्ही लिहिलेल्या तिन्ही कल्पना मी बदलायला सांगेन.

निवाऱ्यातली कुत्री आजारातून, अपघातातून किंवा रस्त्यावरच्या मारहाणीतून आलेली असतात. काहींचे लसीकरण पूर्ण झालेले नसते. पार्व्हो आणि डिस्टेंपर हे रोग लस न मिळालेल्या पिल्लांत झपाट्याने पसरतात, आणि मंडपात लोक आपली पाळीव कुत्रीही घेऊन येणार हे गृहीत धरावे. स्पीकरच्या आवाजात, अनोळखी शंभर हातांखाली, पट्ट्याला बांधलेले घाबरट कुत्रे चावले तर दोष कुत्र्याचा धरला जातो आणि बातमी संस्थेची होते. प्राण्याला अवाजवी काळ आखूड साखळीने बांधून ठेवणे हे १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यातही क्रूरतेत मोडते. प्राण्यांच्या नावाने भरवलेल्या कार्यक्रमात तसे दृश्य दिसणे शोभणारे नाही. त्याऐवजी निवाऱ्यात जाऊन प्रत्येक कुत्र्याचे चांगल्या उजेडातले एक छायाचित्र घ्या आणि त्याखाली चार ओळी लिहा. ‘गोड आणि प्रेमळ’ असे लिहू नका. तसे सगळ्यांविषयीच लिहितात. ‘तीन पायांवर जिना चढते, कुकरच्या शिट्टीला घाबरते’ असे लिहिले तर माणूस त्या फळ्यासमोर थांबतो. जखमांची रक्ताळलेली छायाचित्रे दर्शनी भागात लावू नयेत, लोक मुलांचा हात धरून पुढे निघून जातात. ज्याला घर मिळाले आहे असा एखादा शांत, लस घेतलेला कुत्रा त्याच्या मालकासह तासभर येऊन बसला तर हरकत नाही, पण तो कंटाळला की मालकाने उठून जावे.

लकी ड्रॉबाबत सावध राहावे. पैसे घेऊन कूपन विकणे आणि नशिबाने बक्षीस देणे, हे कायद्याच्या दृष्टीने लॉटरीच्या जवळ जाते आणि सरकारच्या परवानगीविना लॉटरी चालवणे हा गुन्हा आहे. संस्थेच्या वकिलांचा लेखी होकार नसेल तर हा विषय सोडून द्यावा. आपल्याकडे याहून चांगली परंपरा आहे: मदतीचा प्रयोग. नाटकाचा एखादा प्रयोग विकत घ्यायचा, आसनांचा तक्ता स्वयंसेवकांत वाटून घ्यायचा आणि तिकिटे ओळखीत खपवायची. वाशीचे विष्णुदास भावे नाट्यगृह तुम्हाला जवळ आहे. यात धोका एकच, पण मोठा आहे: प्रयोगाची रक्कम आधी द्यावी लागते आणि तिकिटे खपली नाहीत तर संस्थाच तोट्यात जाते. म्हणून पहिल्या वर्षी एकपात्री किंवा हौशी मंडळींचा छोटा कार्यक्रम, छोट्या सभागृहात करून पाहावा.

पोस्टरविषयी सांगायचे तर, खांब, भिंती आणि झाडे यांवर परवानगीविना काही लावणे हा मालमत्ता विरूपणास प्रतिबंध करणाऱ्या १९९५ च्या महाराष्ट्र अधिनियमाचा भंग आहे, आणि झाडाला खिळा ठोकून भूतदयेचे आवाहन करणे तर विनोदीच दिसेल. दुकानदारांना विचारून काचेच्या आतून पोस्टर लावा. किराणा, औषधांचे दुकान, पशुवैद्यकाचा दवाखाना, केशकर्तनालय: जिथे माणूस पाच मिनिटे थांबतो तिथले एक पोस्टर खांबांवरच्या वीस पोस्टरांना भारी पडते. कार्यक्रम झाल्यावर ती काढून आणण्याचे कामही आजच कोणाच्या तरी नावावर लिहून ठेवा.

खाद्यपदार्थांचा स्टॉल लावणार असाल तर तात्पुरत्या स्टॉललाही अन्नसुरक्षा कायद्याखाली नोंदणी लागते, हे ध्यानात असू द्या; ज्यांच्याकडे ती आहे अशा गृहउद्योगाला बोलावणे सोपे पडते.

प्रश्न : वाशीच्या आमच्या सेक्टरमधील मी आणि काही मैत्रिणी एका संस्थेसाठी देणग्या जमवत आहोत. सोपे जावे म्हणून सर्वांनी माझ्या खात्यावर पैसे पाठवले, एकूण सुमारे ३८ हजार रुपये झाले आहेत. आता काहीजण करसवलतीची पावती मागत आहेत. ती कशी मिळेल?

उत्तर : तुमच्या खात्यावर आलेल्या पैशांची तशी पावती त्यांना सरळ मिळणार नाही, कारण संस्थेच्या दप्तरी देणगीदार तुम्ही एकट्या ठराल. आता शक्य असेल तर प्रत्येकीचे पैसे परत करून त्यांना थेट संस्थेच्या खात्यावर भरायला सांगावे. कंटाळवाणे आहे, पण स्वच्छ आहे. तुमच्या खात्यात एवढी रक्कम वेगवेगळ्या लोकांकडून येणे आणि एकगठ्ठा बाहेर जाणे याचे स्पष्टीकरण देण्याची पाळी तुमच्यावर येऊ नये, हाही त्यात हेतू आहे.

नियम थोडक्यात असे. १९६१ च्या आयकर कायद्यातील कलम ८०जी या नावाने जी सवलत आपल्या तोंडी बसली आहे, ती मान्यताप्राप्त संस्थेला दिलेल्या देणगीवरच मिळते आणि अशा संस्थांच्या बाबतीत ती साधारणपणे देणगीच्या निम्म्या रकमेवर असते. रोख दिलेली देणगी २,००० रुपयांहून अधिक असेल तर तिच्यावर सवलत नाही. वस्तूरूपाने दिलेल्या देणगीवरही नाही. देणगीदाराचा पॅन घ्यावा लागतो, कारण संस्थेला देणगीदारांचे विवरण आयकर खात्याकडे भरावे लागते आणि त्यावरून निघणारे प्रमाणपत्रच ग्राह्य धरले जाते. नुसती छापील पावती पुरत नाही. ज्यांनी नवी करप्रणाली स्वीकारली आहे त्यांना ही सवलत मिळत नाही, आणि हल्ली असे पगारदार बरेच आहेत. २०२५ च्या नव्या आयकर कायद्यात कलमांचे आकडे बदलले असल्यामुळे पावतीवर आणि पत्रकावर काय छापायचे ते संस्थेच्या सनदी लेखापालांना विचारूनच छापावे. विक्रीत २०० रुपयांच्या पणत्या घेणारा ग्राहक देणगीदार नसतो, त्याने वस्तू विकत घेतलेली असते, हे गल्ल्यावरच्या स्वयंसेवकांना आवर्जून समजावून सांगा. दरवर्षी निदान एकजण पणत्यांच्या बिलावर सवलत मागतोच.

आणखी एक गोष्ट. तुमचा गट स्वतःच्या नावाने वर्गणी गोळा करणार असेल आणि त्याची कुठे नोंदणी नसेल, तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० मधील कलम ४१ क तुम्हालाही लागू होऊ शकते. गणेशोत्सव मंडळे वर्गणीपूर्वी धर्मादाय कार्यालयाची परवानगी घेतात ती याच कलमाखाली. नोंदणीकृत संस्थेचे पावतीपुस्तक घेऊन, तिचे लेखी अधिकारपत्र जवळ ठेवून आणि प्रत्येक पावतीची स्थळप्रत परत करून काम केले तर हा प्रश्न उद्भवत नाही.

प्रश्न : माझी अकरा वर्षांची मुलगी प्राण्यांसाठी वेडी आहे. कोपरखैरण्यातल्या एका संस्थेच्या विक्रीच्या तयारीत तिला नेऊ का? तिची आई घाबरते आहे.

उत्तर : न्या, पण तुम्ही स्वतः बरोबर राहणार असाल तरच. तिला संस्थेत सोडून निघून जाऊ नका, तिथे मुले सांभाळायला कोणी नसते. तिच्या वयाच्या मुलांना भेटकार्डे बनवणे, उटण्याच्या पुड्यांवर लेबल चिकटवणे, पणत्यांच्या जोड्या लावणे ही कामे फार छान जमतात, आमच्या गटात मोठ्यांपेक्षा मुलांच्या जोड्या कमी चुकतात. दोन तासांवर बसवू नये. मुलांची छायाचित्रे संस्थेने प्रसिद्धीसाठी वापरावीत की नाही, हे पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगा.

तिच्या आईच्या काळजीसाठी एक नियम पाळा: संस्थेच्या माणसाने सांगितल्याशिवाय कोणत्याही प्राण्याला हात लावायचा नाही, पिंजऱ्याच्या जाळीतून बोट घालायचे नाही. यदाकदाचित चावा किंवा ओरखडा झालाच तर ती जागा साबण आणि वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी, हळद, चुना, तिखट असले काहीही लावू नये आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जाऊन रेबीजच्या लसीबाबत विचारावे. ओरखडा बारीक आहे म्हणून थांबू नये, आणि घरचे रागावतील म्हणून मुलगी ते लपवणार नाही एवढी मोकळीक तिला आधीच द्यावी.

प्रश्न : पाचपाखाडीत घरोघरी विक्रीचे आमंत्रण द्यायला गेलो असता ‘माणसांना खायला मिळत नाही आणि तुम्ही कुत्र्यांसाठी पैसे गोळा करता’ असे तीन ठिकाणी ऐकावे लागले. काय उत्तर द्यावे?

उत्तर : दारात उभे राहून काहीही देऊ नये. आमंत्रण ठेवावे, नमस्कार करावा आणि पुढच्या मजल्यावर जावे. ज्या घरात वाद झाला त्या घराबरोबर त्या मजल्यावरची उरलेली तीनही घरे हातची जातात, असा माझा अनुभव आहे.

मात्र मनात शंका राहू नये म्हणून लिहिते. माणसांना होणारा रेबीज ९९ टक्क्यांपर्यंत कुत्र्यांच्या चाव्यातून येतो, आणि तो रोखण्यासाठी वस्तीतल्या निदान ७० टक्के कुत्र्यांचे लसीकरण व्हावे असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. भटक्या कुत्र्यांचे निर्बीजीकरण आणि लसीकरण यांचे नियम आपल्याकडे २००१ मध्ये आले आणि २०२३ मध्ये ते नव्याने करण्यात आले. हे काम प्रत्यक्षात बऱ्याच ठिकाणी अशाच संस्था करतात. म्हणजे तुमच्या पणत्यांच्या पैशातून टोचलेली सुई त्या दारातल्या गृहस्थांच्या नातवंडालाही उपयोगी पडते. आणि भूतदयेसाठी पैसा उभा करणे ही काही परदेशातून आलेली टूम नाही. मुंबईत १८३२ मध्ये भटकी कुत्री मारण्याच्या सरकारी मोहिमेवरून पारशी आणि हिंदू समाजांनी दंगा आणि बंद केला, आणि त्यानंतर दोनच वर्षांत, १८३४ मध्ये, जमशेटजी जीजीभाई आणि मोतीशा शेठ यांच्या पुढाकाराने भुलेश्वरचा पांजरपोळ उभा राहिला. परळच्या बाई साकरबाई दिनशॉ पेटिट प्राणी रुग्णालयाची स्थापनाही १८८३ ची आहे. त्या काळी मुंबईत माणसांचे प्रश्न कमी नव्हते.

प्रश्न : गेल्या वर्षी मी ऐरोलीहून सलग पाच रविवार एका संस्थेच्या विक्रीच्या तयारीसाठी गेले. विक्री झाली, सर्वांची छायाचित्रे निघाली, पण किती पैसे जमले आणि त्याचे काय झाले हे आजवर कोणी सांगितले नाही. विचारले तर ‘तुम्हाला आमच्यावर विश्वास नाही का’ असे उत्तर मिळाले. यंदा पुन्हा बोलावणे आले आहे.

उत्तर : हिशेब विचारण्यात अविश्वास नाही, आणि ज्यांना तो तसा वाटतो त्यांनी लोकांचे पैसे हाताळू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. नोंदणीकृत विश्वस्त संस्थेला आपले हिशेब तपासून घेऊन ते धर्मादाय कार्यालयाकडे सादर करावे लागतात. त्यामुळे आकडे नाहीत असे होऊच शकत नाही. बऱ्याचदा त्यात लबाडीही नसते. विक्री संपते, दिवाळी सुरू होते, फटाक्यांनी भेदरून पळालेली आणि भाजलेली कुत्री येऊ लागतात आणि हिशेबाची वही तशीच राहते. आमच्या संस्थेतही दोन वर्षे असेच झाले आणि तिसऱ्या वर्षी पाच जुने स्वयंसेवक आले नाहीत, तेव्हा कुठे आम्हाला जाग आली.

आता आम्ही विक्रीनंतर पंधरा दिवसांच्या आत एक पान काढतो. त्यावर एकूण विक्री, मालाचा खर्च, भाडे, टेम्पो, शिल्लक राहिलेला माल आणि उरलेली रक्कम असते, आणि त्याखाली ती रक्कम कशावर खर्च झाली ते असते: इतक्या लसी, इतक्या शस्त्रक्रिया, खाद्याची इतकी पोती. रंगाचे डबे मागवताना मी हात सैल सोडला होता हेही एका वर्षी त्या पानावर सर्वांना दिसले. ते पान प्रत्येक स्वयंसेवकाला पाठवतो, एकच रविवार आलेल्या मुलालासुद्धा.

यंदा बोलावणे आले आहे तर होकार देण्याआधी अशा एका पानाची मागणी करा, गेल्या वर्षीच्या. लेखी करा, सौम्य शब्दांत करा. ते आले तर जा, आणि यंदाचे पान लिहिण्याचे काम स्वतःकडे मागून घ्या. आले नाही तर ठाणे-वाशी मार्गावर ऐरोलीहून दोन्ही बाजूंना गाडी मिळते, आणि दोन्ही बाजूंना रविवारी हात हवे असलेल्या दुसऱ्या संस्था आहेत.